दैव कीं दुर्लक्ष? व्हिक्टोरिया-काळच्या कादंबऱ्यांतील मुलें

इ. स. १८४१ च्या आरंभीं लंडनमधील एका कादंबरीकाराच्या मेजावर अनोळखी वाचकांचीं पत्रें येऊन पडत होतीं. साऱ्यांचें मागणें एकच होतें : नेलला मारूं नका. हा कादंबरीकार म्हणजे चार्लस डिकन्स. त्याचें वय त्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचें होतें, आणि नेल ही त्याच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या आठवड्याच्या हप्त्यांनीं प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरींतील तेराचौदा वर्षांची पोर. जुगारापायीं कफल्लक झालेल्या आजोबांचा हात धरून ती लंडन सोडते, गांवोगांव भटकते, आणि अखेर एका खेड्यांतील जुन्या देवळाच्या सावलींत दमून भागून मरून जाते. ज्या साप्ताहिकांत ही कथा येत होती त्याचा खप शेवटीं शेवटीं लाखाच्या घरांत गेला होता. इंग्लंडहून येणाऱ्या जहाजाला न्यू यॉर्कच्या धक्क्यावरील लोकांनीं ‘नेल जिवंत आहे ना?’ असें ओरडून विचारलें, अशी आख्यायिका आहे. आयरिश पुढारी डॅनियल ओ’कॉनेल यानें रडत रडत तें पुस्तक आगगाडीच्या खिडकींतून भिरकावून दिलें, असेंहि सांगतात. आख्यायिका खऱ्याच असतात असें नाहीं. परंतु त्या कोणाविषयीं उठतात हें पाहण्यासारखें असतें. पुढील पिढीला हें रडें हास्यास्पद वाटूं लागलें. ऑस्कर वाइल्डच्या नांवावर नेलच्या मरणाची टर उडविणारें एक वाक्य आजहि सांगितलें जातें.

हसणाऱ्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. इंग्लंड व वेल्समध्यें जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १८३७ सालीं सुरू झाली. तीवरून दिसतें कीं, जन्मास आलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें दीडशें मुलें वर्षाचीं होण्याच्या आंत दगावत, आणि शतक संपेपर्यंत हें प्रमाण फारसें उतरलें नाहीं. हा झाला सरासरीचा आंकडा. गिरण्यांच्या शहरांतील गरीब वस्त्यांत तो पुष्कळच अधिक असे. दिव्याच्या उजेडांत बसून बाप मोठ्यानें हप्ता वाची आणि घरचीं माणसें ऐकत, त्या घरांपैकीं किती तरी घरांच्या मागें एखादें लहानसें थडगें असे. नेलचें निमित्त करून तीं माणसें स्वतःच्या पोरासाठीं रडत. खुद्द डिकन्सहि त्यांतलाच. त्याची मेहुणी मेरी होगार्थ १८३७ च्या मे महिन्यांत, सतराव्या वर्षीं, त्याच्याच घरीं अकस्मात वारली. तिच्या बोटांतली अंगठी त्यानें आपल्या बोटांत घातली, आणि नेलचें मरण लिहितांना ती जखम पुन्हां वाहूं लागल्याचें मित्राला कळविलें.

परंतु रडून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. मूल मेलें तें कशानें? ‘दैवानें’ हें उत्तर सर्वांत सोपें. त्याला पुरावा लागत नाहीं, आणि कोणाला जाबहि द्यावा लागत नाहीं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यांतील कादंबरीकारांनीं मुलांचीं मरणें पुष्कळ रंगविलीं, आणि त्यांतील कांहीं नुसतीं रडविण्यासाठींच रंगविलीं हें कबूल केलें पाहिजे. मात्र त्यांतले जे खरे मोठे, त्यांनीं हें सोपें उत्तर सहसा पत्करलें नाहीं. मुलाच्या मरणाला ठावठिकाणा असतो, आणि बहुधा जमाखर्चाची वहीहि असते, हें त्यांनीं शोधून काढलें. नेलच्या कथेंत हा शोध पुसट आहे. म्हणूनच ती आज फिकी वाटते.

डिकन्सला हें कोठून उमगलें, तें त्याच्या हयातींत जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हतें. १८२४ च्या फेब्रुवारींत त्याचा बाप जॉन डिकन्स चाळीस पौंडांच्या देण्यापायीं मार्शलसी येथील कर्जदारांच्या तुरुंगांत पडला. त्याच सुमारास बारा वर्षांच्या चार्लसला टेम्स नदीच्या कांठीं, उंदरांनीं बुजबुजलेल्या एका पडक्या इमारतींत, बुटांच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यांत कामास लावण्यांत आलें. रोगणाच्या भांड्यांवर कागद बांधावयाचे आणि नांवाच्या चिठ्ठ्या चिकटवावयाच्या. आठवड्याची मजुरी सहासात शिलिंग. बाप कांहीं महिन्यांनीं सुटला. पुढें त्यानें मुलाला कारखान्यांतून काढलें, तेव्हां त्याला परत तेथेंच पाठवावें म्हणून आईनें खटपट केली, ही गोष्ट डिकन्स जन्मभर विसरला नाहीं. हें सारें त्यानें जॉन फॉर्स्टर या मित्रापाशीं तेवढें उघड केलें, आणि १८७० सालीं डिकन्स वारल्यावर फॉर्स्टरनें लिहिलेल्या चरित्रांतून तें जगाला कळलें. कारखान्यांत त्या मुलाला कोणी मारझोड केली नव्हती. तो कोणाच्या लक्षांतच आला नव्हता, हें त्याचें दुःख होतें. आणि त्याच्या कादंबऱ्यांतील मुलांचेंहि बहुधा तेंच आहे.

ऑलिव्हर ट्विस्ट (१८३७-३९) जन्मतो वर्कहाउसांत, म्हणजे १८३४ च्या नव्या कायद्यानें निराधारांना जेथें डांबून घेऊनच मदत द्यावयाचें ठरविलें होतें अशा गरीबखान्यांत. तेथून त्याला एका बाईकडे संभाळावयास देतात. दर मुलामागें तिला आठवड्याला साडेसात पेन्स मिळतात; त्यांतले बरेचसे ती आपल्याच कनवटीला लावते. मुलें पटापट मरतात. चौकशी झालीच तर पॅरिशचा डॉक्टर आणि पॅरिशचा शिपाई सोईची साक्ष द्यावयास हजर असतात. साडेसात पेन्स हा आंकडा वाचकानें ध्यानांत ठेवावा. डिकन्सच्या कथेंत मुलाच्या सरणापाशीं कोठें तरी एखादी रक्कम पडलेली सांपडतेच.

१८३८ च्या हिंवाळ्यांत तो चित्रकार हॅब्लो ब्राऊन याला बरोबर घेऊन यॉर्कशायरमध्यें गेला. नकोशीं झालेलीं मुलें दूर ठेवण्याच्या स्वस्त निवासी शाळा तेथें होत्या, आणि सुटी म्हणून नसे हें त्यांच्या जाहिरातींतील मोठें आकर्षण असे. बोज या गांवच्या एका शाळामास्तरावर १८२३ सालीं, मुलांची दृष्टि गेल्याबद्दल, खटला होऊन त्याला नुकसानभरपाई भरावी लागली होती. तरी शाळा चालूच होती. बोजच्या दफनभूमींत बर्फ पडलेलें असतां डिकन्सला एक दगड दिसला. त्या शाळेंत १८२२ सालीं एकाएकीं वारलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा तो दगड. ‘निकोलस निकल्बी’मधील स्माइक त्याला तेथें, त्या दगडापाशीं सुचला. अर्धवट राहिलेला, भ्यालेला, पांगळा स्माइक शेवटीं क्षयानें मरतो. आणि ज्या सावकारानें त्याचा व त्याच्या रक्षणकर्त्याचा छळ मांडलेला असतो, त्याला नंतर कळतें कीं हा आपलाच मुलगा होता. कथानक म्हणून हें नाटकी आहे खरें. तरी पैसे भरून पोर दूर लोटणाऱ्या सर्वच बापांना उद्देशून तें लिहिलेलें होतें.

दैव बदलतां येतें कीं काय, याचा डिकन्सनें केलेला सर्वांत सरळ विचार १८४३ च्या नाताळांतील ‘ए ख्रिसमस कॅरल’ या छोट्या पुस्तकांत आहे. खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी कमिशनचे अहवाल १८४२ आणि १८४३ सालीं निघाले. पांचसहा वर्षांचीं मुलें खाणीच्या काळोखांत एकटीं बसून वाऱ्याचीं दारें उघडतात-मिटतात, हें त्यांवरून सुशिक्षित इंग्लंडला कळलें. १८४२ च्या कायद्यानें दहा वर्षांखालील मुलगे आणि सर्व स्त्रिया व मुली यांना खाणीखालीं उतरविण्याची बंदी झाली. दुसरा अहवाल वाचून डिकन्स गरिबांच्या मुलांसाठीं एक पत्रक लिहिणार होता. तें त्यानें बाजूस ठेवलें आणि गोष्ट लिहिली. त्या गोष्टींतील कंजूष स्क्रूजला भुतें भविष्यकाळ दाखवितात. त्यांत त्याच्या कारकुनाच्या लंगड्या मुलाची, टायनी टिमची, चुलीजवळची जागा रिकामी दिसते. तें भविष्य अटळ आहे कीं बदलण्याजोगें, एवढेंच स्क्रूज विचारतो. कारकुनाचा पगार वाढतो आणि टिम मरत नाहीं.

हॉवर्थ येथील पाद्री पॅट्रिक ब्राँटे याच्या घरीं मात्र पगारवाढीनें सुटणारा प्रश्न नव्हता. १८२४ सालीं गरीब पाद्रयांच्या मुलींसाठीं काउअन ब्रिज येथें एक शाळा निघाली, आणि ब्राँटेनें आपल्या चार मुली तेथें धाडल्या. दुसऱ्या वर्षीं मोठी मरिया मे महिन्यांत व तिच्या पाठची एलिझाबेथ जूनमध्यें क्षयानें गेली. एक अकरा वर्षांची, दुसरी दहा. शार्लट आणि एमिली यांना घरीं आणलें म्हणून इंग्रजी वाङ्मयाला ‘जेन एअर’ आणि ‘वुदरिंग हाइट्स’ मिळालें. १८४७ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झालेल्या ‘जेन एअर’मधील लोवुड शाळेंत हेलन बर्न्स क्षयानें मरते, आणि टायफस ज्वरानें मुलींची फळीच्या फळी कोसळते. हेलन मरण हंसतमुखानें स्वीकारते, कारण तिची श्रद्धा अढळ आहे. परंतु तिच्या शेजारीं उभी असलेली जेन करपलेली लापशी, ओले मोजे, बर्फांतून देवळापर्यंतची पायपीट आणि मुलींनीं देह दंडावा असें सांगणारा, पण आपल्या बायकामुलींना मखमल लेवविणारा व्यवस्थापक हें सारें मनांत टिपून ठेवते. ईश्वरेच्छा आणि शिळी लापशी यांची अशी सांगड इंग्रजी कादंबरींत त्यापूर्वीं क्वचितच कोणी घातली असेल. शार्लट १८५५ सालीं वारली. १८५७ त मिसेस गॅस्केलनें तिचें चरित्र लिहून ही शाळा कोणती तें उघड केलें, तेव्हां संस्थापकाच्या बाजूनें एवढें वादळ उठलें कीं तिसऱ्या आवृत्तींत मजकूर सौम्य करावा लागला. ईश्वराला दोष दिला असता तर कोणी वकील उभा राहिला नसता.

श्रीमंताच्या घरींहि मूल मरतेंच. ‘डोंबी अँड सन’मधील सहा वर्षांचा पॉल डोंबी १८४७ च्या फेब्रुवारीच्या हप्त्यांत वारला, तें लिहून झाल्यावर डिकन्स पॅरिसच्या रस्त्यांतून रात्रभर भटकत होता. पैसा म्हणजे काय, असें पॉलनें एकदां बापाला विचारलें होतें. आणि पैशानें सर्व कांहीं होतें तर त्यानें माझ्या आईला कां वांचविलें नाहीं, हें त्याच्या पाठोपाठ. बापाला उत्तर देतां आलें नाहीं. त्यानें मुलाला लॅटिन-ग्रीक घोकविणाऱ्या शाळेंत घातलें.

आतां कल्पित सोडून एका घडलेल्या प्रसंगाकडे वळलें पाहिजे. कारण दैव आणि दुर्लक्ष यांचा निवाडा इंग्लंडांत एकदां प्रत्यक्ष न्यायासनासमोर झाला. लंडनच्या अनेक पॅरिशांतील वर्कहाउसें आपल्याकडील निराश्रित मुलें टूटिंग येथील ड्रुए नांवाच्या मक्तेदाराकडे पाठवीत. दर मुलामागें त्याला आठवड्याला साडेचार शिलिंग मिळत. १८४८ अखेर त्याच्याकडे सुमारें चौदाशें मुलें होतीं. एका खाटेवर अनेक मुलें, अपुरें अन्न, अपुरे कपडे, कोंदट खोल्या. डिसेंबर-जानेवारींत तेथें पटकी शिरली आणि थोड्या आठवड्यांत दीडशेंहून अधिक मुलें मेलीं. त्या सरे परगण्याच्या कॉरोनरनें चौकशीची गरज मानली नाहीं. कांहीं मुलें लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत नेलेलीं असतां मेलीं, म्हणून तीं मिडलसेक्सचा कॉरोनर टॉमस वॅकली याच्या हद्दींत आलीं. त्यानें चौकशी बसविली, आणि ज्यूरीनें सदोष मनुष्यवधाचा ठपका ठेवला. डिकन्सनें ‘एक्झॅमिनर’ पत्रांत लेखावर लेख लिहिले. १८४९ च्या एप्रिलांत ड्रुएवर खटला चालला. न्यायाधीशानें ज्यूरीला सांगितलें तें साधारण असें : या मुलाला नीट वागविलें असतें तर तें पटकींतून वांचलें असतें, याचा पुरावा नाहीं. ड्रुए निर्दोष सुटला.

म्हणजे उपासमारीनें खंगलेल्या मुलाला पटकी झाली, आणि पटकी ही तर दैवी आपत्ति! कायद्याच्या दृष्टीनें युक्तिवाद बिनचूक असेलहि. डिकन्सला तो असह्य झाला. ‘ब्लीक हाउस’मध्यें गस्टर नांवाची मोलकरीण आहे, तिला वरचेवर फेफरें येतें; आणि ती टूटिंगच्या एका परोपकारी गृहस्थाच्या हाताखालीं वाढली, असें लेखक जातां जातां सांगतो. त्या काळच्या वाचकाला तेवढें पुरेसें होतें.

त्याच कादंबरींतील (१८५२-५३) जो हा रस्ता झाडणारा पोरगा व्हिक्टोरिया-काळांतील साऱ्या मुलांत मनाला सर्वांत अधिक लागतो. चौकांत चिखल झाडून वाट करून द्यावयाची आणि जाणाऱ्याकडे पैसा मागावयाचा, हा त्याचा धंदा. एका अनामिक मृताच्या चौकशींत त्याला साक्षीस आणतात. पण शपथ म्हणजे काय हें त्याला सांगतां येत नाहीं, म्हणून त्याची साक्षच घेत नाहींत. हा प्रसंग डिकन्सनें हवेंतून काढलेला नव्हता. १८५० च्या जानेवारींत लंडनच्या गिल्डहॉल कोर्टांत जॉर्ज रुबी नांवाचा चौदाएक वर्षांचा झाडूवाला पोरगा साक्षीस आला होता. शपथ, देव, प्रार्थना यांतलें त्याला कांहीं ठाऊक नव्हतें. रस्ता कसा झाडावा तेवढें ठाऊक होतें. त्याची साक्ष नाकारली गेली, आणि वर्तमानपत्रांनीं तो संवाद छापला.

जोला पोलीस ‘चालता हो’ म्हणतो. कोठें, तें कोणीच सांगत नाहीं. परदेशांत धर्मप्रसार करणाऱ्या एका मंडळाच्या पायरीवर बसून तो भाकरीचा तुकडा खातो, आणि एवढी मोठी इमारत कशासाठीं असेल म्हणून नवल करतो. ज्या गलिच्छ वस्तींत तो निजतो, ती कोर्टांत वर्षानुवर्षें कुजत पडलेल्या एका दाव्यांतली मालमत्ता. तिची दुरुस्ती कोणी करावी हें ठरत नाहीं. त्या वस्तींतला रोग जोच्या अंगावरून निघतो आणि सुखवस्तु घरांतील एका तरुण मुलीच्या चेहऱ्यावर व्रण ठेवून जातो. गरिबाचें मूल मेलें तर मरो, असें म्हणून हात झटकतां येत नाहींत, हें डिकन्सनें येथें जवळजवळ आरोग्यखात्याच्या भाषेंत सांगितलें आहे. शेवटीं एक भला डॉक्टर मरणाऱ्या जोकडून प्रार्थना म्हणवून घेऊं लागतो. ती अर्ध्यावर असतांना पोरगा जातो, आणि कथा थांबवून लेखक राणीसाहेबांना आणि सरदारांना हांक मारतो. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही ‘करमणूक’ पत्रांतून येऊं लागली ती यानंतर चाळीसएक वर्षांनीं, १८९० त. विषय निराळा, समाज निराळा. पण जोची कथा मराठींत सांगूं गेलें कीं तें नांव आपोआप ओठांवर येतें.

अशा लिखाणानें झालें काय, असें विचारणारे पुष्कळ असतात. फक्त मुलांसाठीं खाटा असलेलें लंडनमधील पहिलें रुग्णालय ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथें १४ फेब्रुवारी १८५२ रोजीं दहा खाटांनिशीं उघडलें. त्याला पैशाची अडचण पडली तेव्हां १८५८ च्या फेब्रुवारींत डिकन्सनें एका मेजवानींत भाषण केलें, आणि सुमारें तीन हजार पौंड जमले. चिमण्या साफ करण्यासाठीं मुलें आंत चढविण्याची बंदी १८४० च्या कायद्यानें केलेली होती. ती कागदावरच राहिली. चार्लस किंग्जलीचें ‘वॉटर बेबीज’ १८६३ त निघालें, १८६४ त आणखी एक कायदा झाला, आणि तरीहि १८७५ सालीं केंब्रिजजवळ एक पोरगा चिमणींत गुदमरून मेला. त्यानंतरच्या कायद्यानें ती चाल खरोखर बंद पडली. पुस्तकांनीं कायदे केले नाहींत हें उघड आहे. मात्र पार्लमेंटांत हात वर करणारे लोक आदल्या रात्रीं घरीं काय वाचीत होते, हेंहि विसरून चालत नाहीं.

१८७० नंतर सूर पालटला. जॉर्ज एलियट हें नांव घेणाऱ्या विदुषीनें ‘द मिल ऑन द फ्लॉस’मध्यें (१८६०) भावाबहिणींचें बालपण अप्रतिम रंगवून शेवटीं दोघांनाहि नदीच्या पुराच्या हवालीं केलें होतें, पुढें टॉमस हार्डीनें तर दैवालाच कादंबरीचें मुख्य पात्र केलें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. हार्डी १८४० सालीं डॉर्सेटमध्यें जन्मला तेव्हां मेलेला समजून त्याला बाजूला ठेवला होता, आणि सुईणीच्या ध्यानांत आलें म्हणून तो वांचला. अशा माणसाला दैवाविषयीं कुतूहल वाटावें यांत नवल नाहीं. परंतु त्याचीं पुस्तकें जवळून वाचलीं म्हणजे तेथेंहि जुनी जमाखर्चाची वही दिसूं लागते. ‘टेस’मधील (१८९१) नायिकेचें तान्हें मूल मरावयास टेकतें, तेव्हां बाप पाद्रयाला घरांत येऊं देत नाहीं; टेस स्वतःच त्याला बाप्तिस्मा देते आणि ‘दुःख’ असें त्याचें नांव ठेवते. पाद्री रीतसर मूठमाती देऊं शकत नाहीं. मग बेवारशांच्या कोपऱ्यांत, थडगी खणणाऱ्याला एक शिलिंग आणि बियरचा पेला देऊन, तें मूल पुरतात. मुरंब्याच्या बरणींत फुलें घालून आई तीं तेथें ठेवते.

‘जूड द ऑब्स्क्यूअर’ (१८९५) याहून कठोर. जूडचा थोरला मुलगा ऑस्ट्रेलियाहून येतो तोच जणु म्हातारा होऊन. त्याला सारे ‘लिट्ल फादर टाइम’, म्हणजे छोटा काळबाबा म्हणतात. मराठींत काळ या एकाच शब्दांत वेळ आणि मृत्यु दोन्ही येतात, त्यामुळें हें नांव इंग्रजीपेक्षां मराठींतच अधिक सार्थ वाटतें. तो मुलगा आपल्या दोन धाकट्या भावंडांना फांस देतो आणि स्वतःहि लटकतो. हल्लीं अशीं मुलें निपजूं लागलीं आहेत, जगण्याची इच्छाच सरत चालली आहे, असें कथेंतील डॉक्टर म्हणतो. आणि टीकाकार हेंच मत हार्डीच्या गळ्यांत बांधतात. वेकफील्डच्या बिशपनें तर पुस्तक आगींत टाकल्याचें जाहीर केलें. त्यानंतर हार्डी कवितेकडे वळला.

डॉक्टरचें मत तेवढें प्रसिद्ध झालें. आदल्या संध्याकाळीं काय घडलें तें फारसें कोणी सांगत नाहीं. विश्वविद्यालयाच्या त्या गांवांत हें कुटुंब पावसांत खोली शोधीत हिंडतें. आईबापांचें रीतसर लग्न नाहीं, पदरीं मुलें, आणि आणखी एक व्हावयाचें. दारामागून दार मिटतें. एका घरीं कशीबशी जागा मिळते, तीहि दुसऱ्या दिवशीं सोडावयाची. आम्हां पोरांमुळेंच जागा मिळत नाहीं ना, असें मुलगा विचारतो, आणि थकलेली आई हो म्हणते. तिनें खोटें सांगितलें नव्हतें. मुलानें हिशेब केला. हा मुलगा पहिल्यानें घरीं आला त्या वेळींहि त्याच्या नांवाची चौकशी झाली होती. आपल्याला बाप्तिस्मा दिलेला नाहीं, असें त्यानें सांगितलें होतें. आणि कां नाहीं म्हणून विचारतां, आपण तसेच मेलों तर ख्रिस्ती प्रेतसंस्काराचा खर्च वांचेल म्हणून, असें तो शांतपणें म्हणाला होता.